नगरच्या किल्ल्यातील न धाडलेली पत्रे

मराठी वाङ्मयात दोन ज्ञानी पुरुषांमधील पत्रव्यवहाराचा विचार करावयाचा झाला, तर आरंभ एका कोऱ्या कागदापासून करावा लागतो. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले. परंतु वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, हा निर्णय त्यांना करवेना. अखेर त्यांनी कागद कोराच धाडला, आणि त्याचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्या जन्मास आल्या, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. त्या चांगदेवांची समाधी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पुणतांब्यास आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यातले. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरी, त्यानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी, विद्वानांच्या मैत्रीतील आणखी एक अपूर्व पत्रसंग्रह निर्माण झाला. त्याची तऱ्हा मात्र अगदी उलट होती. चांगदेवांचे पत्र पोहोचले, पण त्यात अक्षर नव्हते. या दुसऱ्या संग्रहात पानेच्या पाने अक्षरांनी भरली. पण ज्याला ती लिहिली, त्याच्या हाती त्यांतील एकही पत्र त्या काळी पडले नाही.

ही पत्रे मौलाना अबुल कलाम आझाद यांनी नगरच्या भुईकोट किल्ल्यातील बंदिवासात लिहिली. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्यातील श्रेष्ठ लेखनात त्यांची गणना होऊ लागली. नगरचा किल्ला म्हटला की आपल्याकडे चांदबीबीचे नाव निघते, आणि त्यानंतर पंडित जवाहरलाल नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाचे निघते. कारण तो ग्रंथ एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत याच किल्ल्यात लिहिला गेला. परंतु त्याच भिंतींच्या आड, त्याच्याही आधी, शेजारच्याच एका खोलीत हा दुसरा ग्रंथ लिहिला जात होता, हे महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही.

मित्राला दुःखाच्या वेळी पत्र लिहावे, हा प्रघात तसा सर्वच सुसंस्कृत समाजांत आढळतो. इसवी सनापूर्वी ४५ या वर्षी रोमन वक्ता सिसेरो याची मुलगी टुलिया मरण पावली, तेव्हा त्याचा मित्र सर्व्हियस सल्पिशियस याने ग्रीस देशातून त्याला सांत्वनाचे पत्र पाठविले. जेथे मोठमोठी नगरे नामशेष होऊन पडली आहेत, तेथे एका मर्त्य देहासाठी एवढा शोक कशाला, असा त्या पत्रातील युक्तिवाद आहे. पुढे कॉन्स्टँटिनोपल येथील बायझंटाइन साम्राज्यात तर विद्वानांनी एकमेकांस पत्रे लिहिणे ही एक स्वतंत्र कलाच होऊन बसली. पत्र म्हणजे लिहिणाऱ्याच्या आत्म्याची प्रतिमा होय, अशी त्यांची धारणा असे. चांगले पत्र आले म्हणजे मित्रमंडळ जमवून ते मोठ्याने वाचून दाखवीत. नवव्या शतकातील फोटियस हा त्या नगरीचा धर्माध्यक्ष मोठा ग्रंथप्रेमी होता. आपल्या भावाची मुलगी वारली असता त्याने भावाला लिहिलेले सांत्वनपत्र आजही वाचावयास मिळते. ८६७ मध्ये तो स्वतः पदच्युत होऊन हद्दपार झाला, तेव्हा आपले ग्रंथही आपणापासून हिरावून घेतले गेले, अशी तक्रार त्याने बादशहास पत्र लिहूनच केली.

आपल्याकडेही दुखवट्याच्या पत्राचा एक शिष्टाचार आहे. कोपरा फाडलेले कार्ड टपालवाल्याने हाती दिले की घरातील माणसांना मजकूर वाचण्यापूर्वीच अर्थ कळत असे. त्यावर समाचाराला जाणे शक्य नसेल, तर दोन ओळी लिहून धाडणे हे कर्तव्य मानले जाई. या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. दुःख एकाचे असते, आणि पत्र दुसरा लिहितो. नगरच्या किल्ल्यात मात्र ज्याचे दुःख होते त्यालाच लेखणी हाती घ्यावी लागली; आणि ज्याने धीर द्यावयाचा, त्याला त्या दुःखासंबंधी काय लिहिले जात आहे याची वार्ताही नव्हती. हे असे का घडले, हे समजण्यासाठी त्या दिवसांकडे वळले पाहिजे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि मुंबईत भुलाभाई देसाई यांच्या घरी उतरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस दाराशी आले. पकडलेल्या पुढाऱ्यांना एका खास गाडीत घालण्यात आले. गांधीजींना पुण्यास आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले, आणि कार्यकारिणीच्या सभासदांना नगरास आणून किल्ल्यात बंद करण्यात आले. आझाद, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि डॉक्टर सय्यद महमूद अशी ती बारा मंडळी. त्यांना कोठे ठेवले आहे, हे प्रथम बाहेर कोणाला कळू द्यावयाचे नव्हते. वर्तमानपत्रे बंद, पत्रे बंद. आझादांपाशी एक लहानसा रेडिओ नेहमी असे. तोही सामानातून काढून घेण्यात आला, आणि सुटकेपर्यंत पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडला नाही. काही आठवड्यांनी वर्तमानपत्रे मिळू लागली, आणि घरच्या माणसांना पत्रे लिहिण्याची मुभा मिळाली. मित्रांना पत्रे लिहिण्याची मुभा मात्र नव्हती.

आझादांना ज्याला लिहावयाचे होते तो मित्र नात्यातला नव्हता. हबीबुर्रहमान खान शेरवानी, नवाब सद्र यार जंग, हे त्याचे नाव. अलीगढ जिल्ह्यातील भिकमपूरचे हे रईस १८६७ मध्ये जन्मलेले, म्हणजे आझादांपेक्षा एकवीस वर्षांनी वडील. अरबी-फारसीचे ते गाढे पंडित होते, आणि हस्तलिखितांचा त्यांना अतोनात षोक होता. हबीबगंज येथे त्यांनी जमविलेला ग्रंथसंग्रह आज अलीगढच्या विद्यापीठात आहे. निजामाच्या राज्यात ते धर्मखात्याचे प्रमुख होते, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपदही त्यांनी भूषविले. मौलाना शिबली नोमानी यांच्या विद्वन्मंडळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, या दोघांचा स्नेह जडला. आझाद त्या वेळी विशीच्या आतबाहेरचे होते.

पुढे दोघांचे मार्ग अगदी भिन्न झाले. आझादांनी १९१२ मध्ये 'अल्-हिलाल' पत्र काढून सरकारचा रोष ओढवून घेतला, आणि आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात व नजरकैदेत काढला. शेरवानी हे सरदार घराण्यातले, संस्थानी दरबारात वावरलेले. काँग्रेसच्या चळवळीपासून ते दूरच राहिले. १९४२ मध्ये देशातील राजकारण असे तापले होते की मतभेदापायी जुन्या मैत्र्या मोडत होत्या, आणि एका घरातील भाऊही एकमेकांशी बोलेनासे होत होते. अशा काळात काँग्रेसच्या बंदिवान अध्यक्षाला आपले मन मोकळे करावयास जो मनुष्य आठवला, तो त्याच्या पक्षाचा नव्हता. या स्नेहात राजकारणाचा शिरकाव दोघांनीही कधी होऊ दिला नव्हता. चांगदेवांना जो मायन्याचा पेच पडला होता, तो आझादांना पडला नाही. वडील म्हणून दबून जाणे नाही, की पुढारी म्हणून मिरविणे नाही. प्रत्येक पत्राच्या शिरोभागी एकच संबोधन असे: 'सदीक-ए-मुकर्रम', म्हणजे सन्मान्य मित्र.

किल्ल्यातील पहिले पत्र १० ऑगस्ट १९४२ चे, म्हणजे बंदिवासाच्या दुसऱ्याच दिवशीचे आहे. ते पाठविता येणार नाही हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. तरीही ते लिहिले गेले, आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ एकामागून एक पत्रे लिहिली गेली. लिहिण्याची वेळ बहुधा पहाटेची असे. तीन-साडेतीनच्या सुमारास आझाद उठत, आपल्या हातांनी चहा तयार करीत, आणि बराक निद्रिस्त असताना लिहावयास बसत. हा चहा म्हणजे चिनी चमेलीचा. त्यात दूध घालणे हा त्यांच्या दृष्टीने त्या पेयाचा अपमान होता. सहकारी दूधसाखरेचा चहा घेत, त्याला ते चहा म्हणावयासच तयार नसत. या एका विषयावर त्यांनी मित्राला जे विस्तृत विवेचन लिहिले आहे, ते वाचताना जगावर महायुद्ध कोसळले आहे आणि लेखक कैदेत आहे, याचा वाचकाला क्षणभर विसर पडतो.

पत्रांचे विषय पाहू लागले तर त्यांना सीमा नाही. किल्ल्यात पाऊल टाकताच इतिहासज्ञ मनाला निजामशाही आठवली. मलिक अहमदने वसविलेले हे शहर, चांदबीबीने मोगलांना दिलेला लढा, आणि अकबराचा सरदार अब्दुर्रहीम खानखानान हे सर्व त्या भिंतींकडे पाहता पाहता डोळ्यांपुढे उभे राहिले. तुरुंगाच्या अधिकाऱ्यालाही त्या इतिहासातीलच नाव मिळाले. चांदबीबीच्या काळातील एका हबशी किल्लेदारावरून आझाद त्याला 'चीताखान' म्हणू लागले. नगरच्या दरबाराशी फारसी कवितेचाही जुना संबंध होता. जुहूरी या कवीने आपले 'साकीनामा' काव्य दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहास अर्पण केले होते. ज्याच्या कानांत ती कविता लहानपणापासून घुमत होती, त्याला हा किल्ला सर्वस्वी परका वाटणे शक्य नव्हते.

चिमण्यांची हकिकत तर सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्च १९४३ मध्ये लिहिलेल्या दोन पत्रांत ती आली आहे. आझादांच्या खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी बांधावयास आरंभ केला, आणि काडीकचऱ्याचा वर्षाव सुरू झाला. त्यांनी प्रथम छत्री उगारून, मग लांब बांबू घेऊन युद्ध पुकारले. शत्रू पळाला असे वाटावे, आणि थोड्या वेळाने पुन्हा हजर व्हावा. अखेर त्यांनी तहाचे बोलणे लावले. तांदळाचे दाणे प्रथम दूर टाकले, मग जवळ, मग अगदी आसनापाशी. आणि होता होता चिमण्या अंगाखांद्यावर येऊन बसण्याइतक्या धीट झाल्या. त्यांना नावेही मिळाली. कोणी 'मोती', कोणी 'कलंदर', तर तावातावाने बडबड करणारा एक चिमणा 'मुल्ला'. घरट्यातील एक दुबळे पिलू दिवसच्या दिवस पंख मिटून निपचित पडून होते, आणि एके दिवशी अकस्मात त्याने भरारी घेतली. हे पाहून आझादांनी आत्मशक्तीच्या जाणिवेवर जे चिंतन केले आहे, ते एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात शोभावे असे आहे.

या पत्रांत विनोद आहे, पांडित्य आहे, अरबी व फारसी काव्याची पखरण आहे. आणि वाचणाऱ्यास असे वाटू लागते की या पुरुषाला तुरुंग बाधतच नाही. साथीदारांनाही तसेच वाटत असावे. किंबहुना तसे वाटावे, अशीच त्यांची इच्छा होती. या शांततेची खरी परीक्षा मात्र त्याच मार्च महिन्यात सुरू झाली होती.

आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांची प्रकृती काही वर्षांपासून ठीक नव्हती. हवापालटासाठी त्या रांचीस जाऊन राहिल्या होत्या, आणि जुलै १९४२ मध्येच कलकत्त्यास परतल्या होत्या. ३ ऑगस्टला आझाद मुंबईस निघाले, तेव्हा निरोप देण्यास त्या दारापर्यंत आल्या. काही विशेष घडले नाही तर १३ ऑगस्टपर्यंत परत येतो, असे पतीने सांगितले. त्यावर त्या 'खुदा हाफिज' एवढेच म्हणाल्या. ही त्या दोघांची अखेरची भेट ठरली.

२३ मार्च १९४३ रोजी पत्नीचा आजार धोक्याच्या थरास गेल्याची पहिली वार्ता किल्ल्यात पोहोचली. तुरुंगाधिकाऱ्याने आपण होऊन विचारले की, सरकारला काही कळवावयाचे असल्यास ते तत्काळ मुंबईस पोहोचविता येईल. भेटीसाठी सोडावे, अशी विनंती करण्याचा तो सरळ मार्ग होता. आझादांनी उत्तर दिले की, आपणास सरकारकडे काहीही मागावयाचे नाही. अधिकाऱ्याने ही गोष्ट जवाहरलालांच्या कानी घातली. त्यांनी येऊन पुष्कळ वेळ समजाविले. पण त्यांनाही तेच उत्तर मिळाले. बाकीचे सहकारी अस्वस्थ झाले होते. परंतु निर्णय बदलणार नाही हे दिसताच त्यांनी त्या विषयाचा उच्चारही पुन्हा केला नाही. या मौनाची आझादांनी आपल्या पत्रात कृतज्ञतेने नोंद केली आहे.

त्यानंतरचे सतरा दिवस कसे गेले, याचे वर्णन ११ एप्रिल १९४३ च्या पत्रात आहे. या संग्रहातील सर्वांत मोलाचे पत्र हेच होय. दिनक्रमात आझादांनी रेसभरही फरक पडू दिला नाही. तीच उठण्याची वेळ, तोच चहा, तेच लेखन, जेवणाच्या वेळी तेच बोलणे. दुपारी वर्तमानपत्रे येत, आणि त्यांत पत्नीच्या प्रकृतीची बातमी असण्याचा संभव असे. अधिकाऱ्याच्या पावलांची चाहूल लागताच छातीत धडधड सुरू होई. पण आसनाची पाठ दाराकडे केलेली असे, आणि तो पुढ्यात येऊन उभा राहीपर्यंत मान वळत नसे. पत्र हाती आले तरी घाईने उघडावयाचे नाही, चाललेले काम चालू ठेवावयाचे, मग सावकाश पाहावयाचे. शरीर मात्र या नियमाला जुमानीत नव्हते. ते आतल्या आत खचत चालले होते.

९ एप्रिलला दुपारी दोन वाजता पत्नीच्या निधनाची तार त्यांच्या हाती देण्यात आली. ही बातमी तुरुंगाधिकाऱ्यास रेडिओवरून सकाळीच कळली होती, काही सहकाऱ्यांनाही त्याने ती सांगितली होती. ज्याची होती त्यालाच ती कोणी सांगितली नव्हती, हे त्यांना मागाहून समजले.

दोन दिवसांनी त्यांनी लेखणी उचलली, आणि एरव्ही ज्याची कोणी स्तुतीच केली असती त्या आपल्या धीरोदात्त वर्तनाकडे त्यांनी निष्ठुरपणे पाहिले. ती बाह्य शांतता म्हणजे एक सोंग होते, आणि ते वठविणारा आपल्या मनाचा गर्व होता. आपल्या धैर्याच्या वस्त्रावर व्याकुळतेचा डाग पडू नये एवढ्यासाठीच ही सारी खटपट चालली होती, अशा आशयाची कबुली त्यांनी मित्राजवळ दिली आहे. स्वतःच्या दुबळेपणाची कबुली पुष्कळ लोक देतात. ज्याला सर्व जग आपला मोठा गुण मानते, त्यात अहंकाराचा अंश होता असे सांगणे त्याहून फार कठीण आहे. हे जवाहरलालांना सांगता आले नाही, त्याच अंगणात राहणाऱ्या अकरा जिवलग सहकाऱ्यांपैकी कोणालाच सांगता आले नाही. ते दूर अलीगढच्या एका वृद्ध पंडितास सांगता आले. आणि तेही कदाचित ते त्याच्या हाती लगेच पडणार नव्हते म्हणूनच.

या प्रसंगी आझादांचा निर्णय योग्य होता की नाही, यावर दोन मते होऊ शकतील. ज्या सरकारशी झुंज घेतली त्यापुढे हात पसरावयाचा नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि काँग्रेसच्या अध्यक्षाने तो सोडला असता तर त्याचा परिणाम हजारो बंदिवानांच्या मनावर झाला असता, हे उघड आहे. परंतु त्या निर्धाराची किंमत कलकत्त्यास एका रुग्णशय्येवरही मोजली जात होती. पतीचे दर्शन न होता झुलेखा बेगम गेल्या. आझादांनी या पत्रात स्वतःचे समर्थन मांडलेले नाही, आणि स्वतःला दोषही देत बसले नाहीत. झाले ते त्यांनी क्रमाने सांगितले, आणि न्यायनिवाड्याची अपेक्षा मित्राकडून केली नाही.

पत्राच्या अखेरीस किल्ल्याच्या आवारातील एका जुन्या कबरीचा उल्लेख येतो. ती कोणाची, हे कोणास ठाऊक नव्हते. येता जाता शेकडो वेळा दिसलेली ती कबर आता एकाएकी जवळची वाटू लागली, आणि सायंकाळी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहावेसे वाटले. तेथे त्यांना मुतम्मिम बिन नुवैरा हा प्राचीन अरब कवी आठवला. आपल्या भावाच्या मृत्यूनंतर तो कोणत्याही कबरीपाशी रडू लागे, आणि याबद्दल लोक त्याला बोल लावीत; कारण त्याला सर्व कबरी त्या एकाच्याच वाटत. सिसेरोच्या मित्राने नगरांच्या भग्नावशेषांवरून शोक आवरण्याचा उपदेश काढला होता. नगरच्या किल्ल्यातील भग्न कबरीने उलट शोकाला वाट करून दिली. सिसेरोने मित्राच्या उपदेशाला दिलेले उत्तरही येथे आठवते. इतरांना दुःखात सार्वजनिक कार्याचा आधार मिळाला, पण आपले ते कार्यही हिरावले गेले आहे आणि घरातील विसावाही संपला, असे त्याने लिहिले होते. बंदिवान आझादांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती.

जी पत्रे टपालात पडली नाहीत त्यांना पत्रे म्हणावे काय, असा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला आहे. हे वस्तुतः निबंध होत, पत्राचा वेष केवळ सोयीसाठी घेतला आहे, असे त्यांचे म्हणणे. चहावरील, इतिहासावरील, संगीतावरील पत्रांपुरते ते मान्य करता येईल. संगीतावरील पत्र १६ सप्टेंबर १९४३ चे, किल्ल्यातून लिहिलेल्यांपैकी ते शेवटचे. तरुणपणी सतार शिकल्याचे आणि चांदण्या रात्री ताजमहालाच्या सान्निध्यात ती वाजविल्याचे त्यात मोठे रम्य वर्णन आहे, आणि ते कोणीही वाचले तरी गोडी कमी होत नाही. पण ११ एप्रिलचे पत्र निबंध म्हणून लिहिताच आले नसते. निबंधाचा वाचक अनोळखी असतो, आणि अनोळखी माणसापुढे मनुष्य सोंग उतरवीत नाही. समोर मित्र आहे ही भावना मनात असल्याखेरीज ती कबुली ओठांवर येत नाही. त्या पत्राला टपाल मिळाले नाही हे खरे. परंतु त्याला वाचक ठरलेला होता, आणि पत्राला तेवढे पुरते.

सांत्वन कशाने होते, याचेही काही उत्तर येथे मिळते. शेरवानींनी त्या दिवसांत धीराचा एक शब्दही किल्ल्यात पाठविला नाही, कारण पाठविता येतच नव्हता. तरीसुद्धा पहाटेच्या चहापाशी मनाने का होईना, ते रोज हजर असत; आणि जे दुःख बंदिवानाने डोळ्यांतून बाहेर पडू दिले नाही, ते त्यांच्यापुढे शब्दांतून बाहेर पडले. दुखवट्याचे पत्र लिहिताना काय लिहावे हे सुचत नाही, म्हणून पुष्कळ माणसे ते लिहावयाचेच टाळतात. ज्याच्यापुढे आपण काही लपविणार नाही असा एक मनुष्य कोठे तरी आहे, एवढी खात्री दुःखी माणसाला देता आली, तर शब्द थोडे असले तरी चालतात.

१९४५ च्या वसंत ऋतूत किल्ल्यातील मंडळींना निरनिराळ्या प्रांतांत हलविण्यात आले. आझादांना बंगालमध्ये बांकुरा येथे नेले, आणि १५ जून १९४५ रोजी त्यांची सुटका झाली. कलकत्त्यास हावड्याचा पूल ओलांडताना तीन वर्षांपूर्वीचा दारातील निरोप त्यांना आठवला. गर्दीने दिलेल्या पुष्पहारांनी मोटार भरून गेली होती. त्यांनी ती प्रथम कबरस्तानाकडे वळविण्यास सांगितले, आणि त्यांतील एक हार पत्नीच्या कबरीवर ठेवून निःशब्दपणे प्रार्थना केली.

सुटकेनंतर सिमल्याहून आणि काश्मीरमधून शेरवानींना लिहिलेली पत्रे संग्रहाच्या आरंभी आहेत; तुटलेला तंतू कसा सहज जुळला, हे त्यांवरून दिसते. आझादांचे चिटणीस मुहम्मद अजमल खान यांनी पत्रे एकत्र केली, आणि १९४६ मध्ये ग्रंथ दिल्लीस प्रसिद्ध झाला. त्याचे नाव आझादांनी मीर अजमतुल्ला बेखबर बिलग्रामी यांच्या एका जुन्या पुस्तिकेवरून घेतले. 'गुबार' म्हणजे धूळ, 'खातिर' म्हणजे मन. मनावर साचलेली धूळ झाडून टाकावी, असा त्याचा भाव. त्याच वर्षी नेहरूंचा ग्रंथही बाहेर आला. पट्टाभींचे 'फेदर्स अँड स्टोन्स' याच किल्ल्यातले, आणि आचार्य नरेंद्र देवांनी 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी भाषांतराचे कामही येथेच केले. ज्या जागेत या मंडळींना जगापासून तोडून ठेवावयाचे होते, त्या जागेतून एवढे ग्रंथ जगाकडे गेले.

शेरवानी १९५० मध्ये वारले. आझाद स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले, आणि २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. मालिक राम यांनी टिपा देऊन संपादिलेली 'गुबार-ए-खातिर'ची आवृत्ती साहित्य अकादेमीने १९६७ मध्ये काढली. ती अकादेमी आझादांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९५४ मध्ये, स्थापन झाली होती. नगरचा भुईकोट आज लष्कराच्या ताब्यात आहे, आणि पुढाऱ्यांच्या खोल्या स्मारक म्हणून जतन केल्या आहेत. तेथे जाणारा मनुष्य बहुधा नेहरूंच्या खोलीपुढे थबकतो, आणि ते उचितच आहे. त्याने आझादांच्या खोलीपुढेही थोडे थांबावे. पुणतांब्याच्या चांगदेवांचा कोरा कागद ज्यांनी आदराने जपला, त्या मराठी माणसांनी आपल्याच जिल्ह्यात लिहिलेली ही भरगच्च पत्रेही आपली मानावीत, एवढा त्यांचा आपल्यावर हक्क आहे.